लढाई किती दिवसांची

गोपालची रजा रद्द झाल्याचं शनिवारी दुपारी कळलं आणि रविवारी सकाळी साडेनऊला रोहण्याहून मुलाकडचे पाहुणे वडनेरला येऊन बसलेसुद्धा. लग्न पुढच्या रविवारी, अकरा मेला होतं. पत्रिका वाटून झाल्या होत्या, हिंगणघाटचं कार्यालय ठरलं होतं, नवरीला मेंदी कोण लावणार यावरून दोन मावसबहिणींचं भांडण होऊन मिटलंही होतं. फक्त नवरदेव गोपाल फौजेबरोबर राजस्थानात सीमेजवळ कुठेतरी होता, आणि नेमका कुठे ते त्याला फोनवर सांगता येत नव्हतं.

सरिता स्वयंपाकघरात आंबे पिळत बसली होती. नवरीची आई म्हणून सकाळपासून तिच्या डोक्यात एकच प्रश्न होता, की आता तारीख कोणती. नवऱ्याला, किशोरला, तिने तीनदा बजावलं होतं की विषय लग्नाचाच ठेवा. किशोर बरं म्हणाला होता. पण किशोर भाजीबाजारात अडत्याला बरं म्हणायचा, घरात बापाला बरं म्हणायचा आणि शेतात वांगी तोडणाऱ्या बायांनाही बरंच म्हणायचा, त्यामुळे त्याच्या होकारावर घरात कोणी विसंबत नसे.

समोरच्या खोलीतून रूपरावांचा आवाज आला. "मी तं म्हनतो आबाजी, आता घुसून मारल्याबिगर इलाज नाई."

सरिताने आंब्याची कोय पातेल्यात आपटली. विषय गेला होता.

काश्मिरात पर्यटकांवर हल्ला होऊन बारा दिवस झाले होते. पाकिस्तानशी व्यापार बंद झाला होता, सीमा बंद झाली होती, पाण्याचा करार थांबवला होता. यापुढे काय, हे दिल्लीत ठरायचं होतं. पण वर्धा जिल्ह्यात असं एकही घर उरलं नव्हतं जिथे ते रोज ठरत नव्हतं.

रूपराव म्हणजे गोपालचे वडील. रोहण्याला संत्र्याची बाग, एकदा उपसरपंचपद, आणि तेव्हापासून बोलताना तळहात खाटेवर आपटायची सवय. पुलगावचा दारूगोळ्याचा डेपो त्यांच्या गावापासून जवळ असल्यामुळे लढाईच्या बाबतीत आपल्याला चार गोष्टी आधी कळतात, असं त्यांना मनापासून वाटे.

"पुलगावहून गाड्या निघून राह्यल्या आबाजी. मी सोता मालगाडी पाह्यली."

"मालगाडी तं मीबी पाह्यतो," दौलतराव म्हणाले. "तिच्यात सिमिट असते."

दौलतराव हे नवरीचे आजोबा, किशोरचे वडील. शहात्तर वर्षांचे, सैन्यातून हवालदार होऊन परतलेले, एकाहत्तरची लढाई पाहिलेले. त्यांना घरातच नव्हे तर अर्ध्या वडनेरात आबाजी म्हणत. रूपराव रोहण्याहून निघताना बायकोला म्हणाले होते की वडनेरला एक तरी माणूस आपल्यासारखं बोलणारा भेटेल, जुना फौजी आहे. म्हणून आता त्यांना फसवल्यासारखं वाटत होतं.

"म्हंजे तुमचं म्हननं काय? गप बसाव?"

"गप कायले बसाव? कोंडाव. पानी, व्यापार, उधारी, सोबती, सगळं चहूकून बंद कराव. तिथं राज्य कोनाचं हाये? वर्दीवाल्याइचं. त्याइले लढाईच पायजे असते. लढाई नसली तं लोकं विचारतात ना, आमची भाकर कुठं गेली म्हनून. आपन मारलं का तेच लोकं त्याइच्या मांगं उभे राह्यतात. मंग आपन त्याइचं काम काऊन कराव?"

"पंचाहत्तर वर्सं झाली कोंडून राह्यलो," रूपरावांनी तळहात आपटला. "काय फरक पडला? दर चार-पाच वर्साने आपलेच लोकं मरतात. कोंडनाराले वाटते थो कोंडून राह्यला. आतला तं भिताडाले भोकं पाडून राह्यला."

दौलतरावांनी मान हलवली. ती होकाराची होती की नकाराची, ते कोणाला कळलं नाही. किशोर दोघांकडे आळीपाळीने पाहून म्हणाला, "तुमचंबी बराबर हाये आन् बाबाचंबी बराबर हाये."

"तू चुप राह्य," दोघं एकदमच म्हणाले. सकाळपासून त्यांचं एवढ्याच एका गोष्टीवर एकमत झालं.

मग रूपरावांनी खिशातून पंचांगाची बारीक पुस्तिका काढली आणि ती खरी अडचण समोर आली. त्यांचा हिशेब सोपा होता. हल्ला होणार, आठ दिवसांत निकाल लागणार, पोरगा सुट्टीवर येणार, म्हणून लग्न पंचवीस मेला. दौलतरावांचा हिशेबही सोपाच होता. कोंडायचं म्हणजे महिनोन्‌महिने फौज सीमेवर उभी करायची, सुट्ट्या बंद, म्हणून लग्न तुळशीच्या लग्नानंतर, नोव्हेंबरात.

"नोव्हेंबर?" सरिता हात पुसत दारात आली होती.

तिने मनात भराभर पाहून घेतलं. शिवलेले ब्लाउज, सांगून झालेली चौऱ्याण्णव घरं, वाया जाणारा सगळा उन्हाळा आणि मग सहा महिने बायांचं एकच विचारणं, काय झालं व रोशनीच्या लग्नाचं. आयुष्यात तिने कधी मुंगीवर पाय दिला नव्हता. पण आता ती सासऱ्याकडे न पाहता म्हणाली, "मले तं व्याही म्हनतात थे पटते. एकदा काय थे होऊन जाऊ द्या लवकर."

रूपरावांचा चेहरा उजळला. "पाहा. घरच्या बायालेबी समजते."

खाटेच्या पलीकडे भिंतीला टेकून त्यांची बायको रुख्माबाई बसली होती. आल्यापासून तिने पाण्याचा पेला हातात धरून ठेवला होता, प्यायली नव्हती. ती शांतपणे म्हणाली, "मी आबाजीच्या बाजूनं हावो. नोव्हेंबरात करू."

"तू मधात काऊन पडतं?"

"माह्यं पोरगं हाये थे."

यापुढे पाचेक मिनिटं असं काही झालं की नंतर आठवून किशोरलाही हसू येई. नवऱ्या मुलाचा बाप आणि नवरीची आई एका बाजूला, हल्ला करा म्हणणारे. नवऱ्या मुलाची आई आणि नवरीचा आजोबा दुसऱ्या बाजूला, कोंडा म्हणणारे. कोण वरपक्ष, कोण वधूपक्ष, याचा पत्ताच लागेना. किशोर मधल्या वेताच्या मोड्यावर बसला होता आणि ज्याचा आवाज वाढेल त्याच्याकडे वळत होता. दौलतरावांची बायको कुसुमबाई तेवढी दोन्ही बाजूंना सारख्याच थंडपणाने पन्हं वाढत होती. बोलणं निव्वळ भांडणाचं असेल तेव्हा ती कधीच मध्ये पडत नसे. तिला ते ऐकायला आवडे.

मग रूपरावांच्या तोंडून गेलं ते गेलं. "आबाजी, तुमाले सेवाग्रामचं वारं लागलं. आन् फौजीत होते म्हनता, पन होते तं वायरलेसवरच ना? बंदूक कुठं धरली?"

दौलतराव रागावले नाहीत, आणि हेच वाईट होतं. त्यांनी किशोरला सांगितलं, "पाहुन्याले रस वाढा. दूर जायचं हाये त्याइले."

इतक्या लवकर वाढा म्हणणं म्हणजे उठा म्हणणं, हे रूपरावांना कळलं. त्यांचे कान लाल झाले. "जातोच ना आमी. आन् नोव्हेंबरपर्यंत थांबाचं असन तं तुमी पोरीले दुसरा नवरदेव पाहून घेजा."

सरिता दारातच उभी राहिली. तिच्याच बाजूच्या माणसाने तिच्या पोरीचं लग्न मोडायची भाषा केली होती, आणि आता कोणत्या बाजूला जावं ते तिला सुचत नव्हतं.

आतल्या खोलीत रोशनी आणि गोपालची बहीण काजल पलंगावर बसून सगळं ऐकत होत्या. रोशनी वर्ध्याच्या एका कॉलेजात तासिकेवर राज्यशास्त्र शिकवत होती. शत्रू राष्ट्राला आवर घालायचे मार्ग, हा तिने तीन वर्षं शिकवलेला धडा होता. त्यात लष्करी कारवाई एका रकान्यात असे आणि नाकेबंदी दुसऱ्या, प्रत्येकाचे फायदे पाच, तोटे पाच. मुलं पाठ करून लिहीत आणि पास होत. गेल्या बारा दिवसांत तिला त्या धड्याचा राग यायला लागला होता, कारण त्यात गोपाल कुठेच नव्हता.

"तुझे बाबा उठले वाटतं," ती म्हणाली.

"चप्पल शोधून राह्यले," काजलने दाराच्या फटीतून पाहून सांगितलं. "मी लपवून ठेवली. दहा मिनिटं हायेत तुह्याजोळ."

रोशनी बाहेर आली. ती थेट खोलीच्या मध्यभागी, तास घ्यायला उभी राहते तशी उभी राहिली. "मामाजी, बसा. चप्पल भेटत नाही तोवर तरी बसा. लग्न माझं आहे, तर तारीख मी ठरवते. पण आधी तुम्ही दोघांनी एक काम करायचं."

"काय?" रूपरावांनी संशयाने विचारलं.

"वर्गात पोरं भांडायला लागली की मी त्याइच्या बाजू बदलते. आता मामाजी सांगतील, कोंडणंच कसं बरोबर आहे. आणि आबाजी सांगतील, मारणंच कसं बरोबर आहे. मनापासून सांगायचं. ज्यानं खोटं खोटं सांगितलं, त्याची तारीख बाद."

दौलतरावांच्या मिशा हलल्या. "आन् दोघाइनंही मनापासून सांगतलं तं?"

"तर मी ठरवते ते दोघंही ऐकतील."

"आणि काजल वेळ लावेल," रोशनी पुढे म्हणाली. काजल मोबाइल घेऊन आनंदाने मोड्यावर येऊन बसली. किशोरला खाली सतरंजीवर यावं लागलं.

रूपरावांना वाटलं, पाच मिनिटांत उरकून टाकू. पण उभे राहिल्यावर त्यांना एकही शब्द सुचेना. कोंडणं चांगलं असतं, कारण. पुढे काय? उपसरपंच असताना अशा वेळी ते मागच्या ग्रामसेवकाकडे पाहत. आता मागे रुख्माबाई होती. ती त्यांच्याकडे पाहत होती, आणि तिच्याकडे पाहून त्यांना आपला चुलतभाऊ नत्थूजी आठवला.

"आमच्या नत्थूचं सांगतो," ते म्हणाले. "त्याचं वावर माह्या बागेच्या लगत हाये. चवदा वर्सं झाली, त्यानं हद्दीवरच्या धुऱ्याचे दगड दोन हात इकडं सरकवले. म्या कुऱ्हाड घेऊन निंघालतो. ह्या बाईनं रस्त्यात आडवी होऊन परत आनलं. मंग म्या कोंडलं त्याले. बोलनं बंद. वाट बंद. त्याचा ट्रॅक्टर माह्या वावरातून जात नाई, दीड किलोमीटर फिरून जाते. त्याच्या घरी लगन असो का मयत, आमी जात नाई. आन् पाहा, चवदा वर्सात दगड एक बोटबी इकडं नाई आला. कुऱ्हाड चालवली असती तं मी जेलात असतो. गोपाल फौजीत नसता गेला. बापाची केस पाहून कोन घेते? हे लगनच नसतं जमलं."

हे बोलताना आपला आवाज खाली आला आहे, तळहात कुठेच आपटत नाही, हे त्यांच्या लक्षात आलं नाही. इतरांच्या आलं. किशोर तर इतका पटून गेला की त्याने टाळी वाजवायला हात उचलले.

"पुरं सांगा," रुख्माबाई म्हणाली. "रोज दिवस उगवाच्या आंधी धुऱ्यावर जाऊन दगड मोजते हा मानूस. चवदा वर्सं. ताप आला तरी जाते. मायच्या तेरवीच्या दिवसीबी गेलता."

सगळे हसले, कुसुमबाईसुद्धा. रूपरावही हसले, पण थोडे उशिरा. "पाहा लागते ना," ते बसता बसता म्हणाले. "कोंडलं म्हंजे पाहाच लागते."

आता दौलतराव. ते उभे राहिले नाहीत. खुर्चीत सरळ झाले, चष्मा काढला, आणि एखाद्याला कुठल्या ओळीत काय पेरायचं ते सांगावं तशा आवाजात सुरू केलं.

"मारल्याबिगर चालत नाई, हे खरं हाये. कोंडनं कधी चालते? आतल्याले दिसलं पायजे का बाहेरच्याच्या हातात काठी हाये आन् थो चालवते. एकदाबी चालवली नाई तं त्याले वाटते, हा नुसताच दारात उभा राह्यनारा हाये. आज बारा दिवस झाले. ज्याइची मानसं गेली थे रोज टीवी पाहून राह्यले. त्याइले आपन काय सांगाव, का करार थांबवला हाये, दम धरा? सरकार म्हंजे आखीर कोनाच्या तरी पाठीशी उभं राह्यनं. म्हनून माराव. पन मोजून माराव. कुठं मारायचं, किती मारायचं, आन् थांबायचं कधी, हे पह्यले ठरवाव, मंग हात उचलाव. थांबायचं ज्याले ठरवता येत नाई, त्यानं सुरूच करू नये."

रूपराव पुढे सरकून ऐकत होते. आपली बाजू आपल्यापेक्षा चांगली मांडलेली त्यांनी पहिल्यांदाच ऐकली होती. "हेच म्हनतो ना मी," ते म्हणाले.

"आन् आबाजी," काजलने विचारलं, "मारलं तं किती दिवस चालते?"

दौलतरावांनी चष्मा पुन्हा लावला. "पह्यल्या दिवसी आपन मारतो. दुसऱ्या दिवसी थे मारतात. तिसऱ्या दिवसापासून नावं येतात. आमच्या पल्टनची नावं वायरलेसवर येत. रूपरावजी बराबर बोलले, म्या बंदूक नाई धरली. कानाले यंत्र लावून बसलो राहो आन् कागदावर नाव लिहो. एक अक्षर चुकलं तं तार दुसऱ्याच घरी जाईन, म्हनून दोन खेपा विचारा लागे. एक आपल्या यवतमाळकडचा होता. त्याचं नाव म्या तीन खेपा विचारलं. बराबर आयकू आलतं मले. तरी विचारलं."

बाहेर हायवेवरून ट्रक गेला, खिडकीची काच थरथरली.

रूपरावांच्या डोळ्यांसमोर कुठल्या तरी तंबूत कानाला यंत्र लावून बसलेला एक अनोळखी पोरगा आला होता, आणि तो कोणाचं तरी नाव दोनदा विचारत होता. त्यांनी बायकोच्या हातातला पेला घेतला आणि तिचं पाणी पिऊन टाकलं.

"आबाजी," ते म्हणाले, "मघाशी वायरलेसचं बोललो थे चुकलं माह्यं."

"बोलले तं बोलले. व्याही हा तुमी. तुमी नाई बोलसान तं कोन बोलन?"

कुसुमबाईला वाटलं, आता आपण बोललेलं बरं. नाहीतर हे दोघं गळ्यात पडतील आणि तारीख तशीच राहील. पन्ह्याचं भांडं खाली ठेवून ती म्हणाली, "एक गोष्ट दोघंही चुकीची सांगून राह्यले. दिवसाची. एकाहत्तरची लढाई तेरा दिवसांत संपली. तेरा. आमची सुपारी फुटली होती. हे मले सांगून गेलते, पंधरा दिवसांत येतो. आले कधी? अकरा महिन्यांनी."

"जागा सोडता येत नोती," दौलतराव पुटपुटले. "सुरुंग काढनं चालू होतं."

"आता सांगून राह्यले. तेव्हा चिठ्ठीत काय लिवलं होतं? हवा चांगली हाये." ती सरिताकडे वळली. "तं बाई, मारलं का कोंडलं, त्यावरून तारीख काढू नोका. लढाई तिच्या मतानं संपते आन् सुट्टी साहेबाच्या मतानं भेटते."

तेवढ्यात काजलच्या हातातला मोबाइल वाजला. अनोळखी नंबर होता. तिने उचलला आणि ओरडली नाही, फक्त उभी राहिली. "दादा हाये."

फोन स्पीकरवर गेला आणि पाच माणसं एकदम बोलली. रुख्माबाईने जेवलास का विचारलं, किशोरने हवा कशी आहे विचारलं, सरिताने उन्हात फिरू नका सांगितलं. रूपरावांनी सगळ्यांच्या वरून विचारलं, "गोपाल, तू सांग बावा. माराव का कोंडाव?"

तिकडून थोडा वेळ खरखर आली. मग गोपाल म्हणाला, "बाबा, हे मले इथं कोनी विचारत नाई." आणि हसला. "तीन मिनिटं हायेत. रोशनी हाये काय?"

रोशनी फोन घेऊन ओसरीवर गेली. खोलीतल्या सात माणसांनी आपण काही ऐकत नसल्यासारखी तोंडं केली आणि कान तिकडे लावले.

"रागावली काय?" गोपालने विचारलं.

"तुझ्यावर कशाला रागावू? रजा तू रद्द केली काय?"

"नाई. पन कोनावर तं रागावाच लागते."

"ते मी तू आल्यावर ठरवीन." तिने ओसरीच्या खांबाला पाठ लावली. उन्हात पत्र्यावर वाळत घातलेल्या कुरड्या पांढऱ्याफेक दिसत होत्या. "ऐक. इकडे तारखेवरून लढाई सुरू आहे. तू सांग, रजा मिळाली की घरी यायला किती वेळ लागतो?"

"दोन दिवस. गाडी भेटली तं."

"मग तू ज्या दिवशी येशील, त्याच्या तिसऱ्या दिवशी लग्न. पहिला दिवस झोप. दुसऱ्या दिवशी हळद. तारीख तूच घेऊन येजो."

खरखर. "आन् कार्यालय?"

"मारुतीच्या देवळासमोर जागा आहे."

"आन् बाबा?"

"त्याइले बोलायला लावलं मी. आता ते दमले."

पलीकडे कोणीतरी त्याला हाक मारली. "ठेवतो," तो म्हणाला, आणि मग घाईघाईने, "हवा चांगली हाये." रोशनीला हसू आलं आणि डोळेही भरून आले. आजीने आताच काय सांगितलं ते त्याला ठाऊक असणं शक्य नव्हतं.

तिने आत येऊन निकाल सांगितला. मुहूर्ताशिवाय कसं, असं सरिता म्हणाली; मुहूर्त मी काढते, असं कुसुमबाई म्हणाली. पंचवीस तारखेची रूपरावांची पुस्तिका खिशात गेली. दौलतरावांनी नोव्हेंबर सोडला. काजलने चपला आणून दिल्या आणि मग कोणी त्या घातल्या नाहीत, कारण रस वाढून झाला होता.

"पन जिंकलं कोन?" जेवताना रूपरावांनी विचारलंच.

"दोघांनाही दुसऱ्याचीच बाजू चांगली मांडता आली," रोशनी म्हणाली. "दोघंही पास. पण काठावर."

बुधवारी पहाटे सीमेपलीकडे हल्ला झाला. सकाळी सहाला दौलतरावांचा फोन वाजला. रूपराव होते. दौलतरावांना वाटलं, आता ऐकावं लागणार, पाहा मी म्हणत होतो. पण पलीकडून अगदी बारीक आवाज आला. "आबाजी, आता किती दिवस?"

दौलतराव अंगणात उभे होते. त्यांना कोंडणंच बरं वाटत आलं होतं आणि त्या सकाळीही तसंच वाटत होतं. पण ते म्हणाले, "मोजून मारलं दिसते. थांबायचंही ठरवून ठेवलं असन. काळजी नोका करू."

गुरुवारी रूपरावांचा पुन्हा फोन, शुक्रवारी दोनदा. गोपालचा फोन बंद होता. राजस्थानात काही गावांत दिवे घालवले होते, आकाशात काय काय उडत होतं ते टीव्हीवर दिसत होतं, आणि टीव्हीवरच्या माणसांचा आवाज इतका चढला होता की रूपरावांनी आयुष्यात पहिल्यांदा तो बंद केला. रुख्माबाईने त्यांना विचारलं, धुऱ्यावर नाही गेले काय आज? ते गेले नव्हते. दगड तिथेच असतील, असं म्हणाले.

शनिवारी संध्याकाळी थांबलं. रूपरावांनी देवासमोर नारळ फोडला आणि रविवारी सकाळी दौलतरावांना फोन करून सांगितलं की इतक्या लवकर थांबायला नको होतं. दौलतरावांना त्यांचा आवाज ऐकून बरं वाटलं. माणूस जागेवर आला होता.

चार दिवसांत थांबलं खरं, पण रजा उघडली नाही. पंचवीस मे गेली. जून लागला, पेरण्या सुरू झाल्या. गोपाल सत्तावीस जूनला, शुक्रवारी, सेवाग्राम स्टेशनवर उतरला, आणि रविवारी एकोणतीसला मारुतीच्या देवळासमोर लग्न लागलं. गुरूचा अस्त आहे, या दिवसांत लग्न लावत नाहीत, असं भटजींनी दोनदा सांगून पाहिलं. कुसुमबाईने त्यांना विचारलं की गुरू सुट्टीवर गेला असेल तर पोराने काय करावं, आणि भटजींनी अंतरपाट धरला. चौऱ्याण्णव घरांपैकी निम्म्याहून जास्त वावरात होती. नत्थूजीला पत्रिका गेलीच नव्हती. तिथे कोंडणं कायम होतं.

पंगती उठल्यावर गोपाल मांडवात प्लास्टिकच्या खुर्चीवर बसला. मुंडावळ्या काढून त्याने मांडीवर ठेवल्या होत्या. दोन महिन्यांत तो वाळला होता, मानेला उन्हाचा पट्टा पडला होता. त्याच्या उजव्या बाजूला बाप खुर्ची ओढून बसला, डाव्या बाजूला आजेसासरा. दोघंही याच घटकेची वाट पाहत होते.

"आता सांग," रूपराव म्हणाले. "तू तिथं होता. आमी इथं नुसतेच बोललो. मारलं थे बराबर झालं का नाई?"

"आन् मारून सुधरले काय थे?" दौलतरावांनी विचारलं. "आता पुन्हा कोंडनंच हाये ना?"

गोपालने एकदा इकडे पाहिलं, एकदा तिकडे. "खरं सांगू काय," तो म्हणाला.

दोघं पुढे वाकले.

"मले तं..." असं म्हणून त्याने विचार करायला डोळे मिटले. थोडा वेळ गेला. त्याची मान हळूहळू बापाच्या खांद्याकडे कलली आणि तिथे टेकली. तोंड उघडं राहिलं. एक मुंडावळी मांडीवरून घसरून खाली पडली.

रूपराव तसेच ताठ बसून राहिले. खांदा हलू नये म्हणून त्यांनी श्वाससुद्धा जपून घेतला.

रोशनी कूलर ढकलत आणत होती. तिने तो गोपालकडे वळवला, पडलेली मुंडावळी उचलली आणि दोघा म्हाताऱ्यांकडे पाहून ओठांवर बोट ठेवलं. दोघांनी माना हलवल्या. ती गेली.

"आबाजी," रूपराव कुजबुजले, "अजून चार दिवस मारलं असतं ना..."

"हळू बोला," दौलतराव कुजबुजले आणि खुर्ची त्यांच्याकडे सरकवली. "चार दिवसानं काय झालं असतं, सांगा."

रूपरावांनी सांगायला सुरुवात केली. तळहात आपटायची सवय होती, पण हात कुठेही न आपटता, कुजबुजत, ते बराच वेळ सांगत राहिले.